कीचकाची दरी आणि नीतीचा उगम

१

माणसाला नीती कोठून मिळाली, या प्रश्नाला साधारणतः दोन उत्तरे दिली जातात. पहिल्या उत्तरानुसार नीती ही धर्माची देणगी आहे. ईश्वराची आज्ञा, शास्त्राचे वचन किंवा संतांचा उपदेश यांतून माणसाला बऱ्यावाइटाचे भान आले, आणि हा आधार काढून घेतला तर ते भानही टिकणार नाही. दुसऱ्या उत्तरानुसार नीती धर्माहून कितीतरी जुनी आहे. कळपाने राहणाऱ्या प्राण्यांत अपत्यप्रेमाची, सहकार्याची आणि परतफेडीची जी प्रवृत्ती उत्क्रांतीच्या ओघात रुजली, तिचेच माणसातील विकसित रूप म्हणजे नीती. धर्माने तिच्यावर नंतर आपली मुद्रा उमटविली, इतकेच. ही दोन उत्तरे परस्परविरोधी म्हणून मांडली जातात. परंतु त्यांच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे. नीतीचा उगम सापडला की तिचे प्रामाण्यही हाती आले, असे दोन्ही पक्ष मानून चालतात. प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे ते हे गृहीतक.

मराठी विचारविश्वाला हा वाद नवा नाही. अकोल्यात शालेय शिक्षण पुरे केलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केला, तेव्हा मिल आणि स्पेन्सर हे त्यांचे वैचारिक सोबती होते. नीतीचे समर्थन मनुष्याच्या ऐहिक हिताच्या आधारे करता येते, त्यासाठी देवाची साक्ष काढण्याची गरज नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यांचे एकेकाळचे सहकारी लोकमान्य टिळक यांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) नेमका हाच पक्ष ‘आधिभौतिक’ म्हणून पूर्वपक्षात घेतला आणि तो अपुरा ठरविला. मात्र टिळकांनी त्याच्या जागी केवळ आज्ञेचा पक्ष बसविला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. सदसद्विवेकशक्तीला स्वतंत्र देवता मानणारा ‘आधिदैवत’ पक्षही त्यांनी नाकारला. आणि ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात तर सत्य, अहिंसा, अस्तेय यांसारखे सर्वमान्य नियमही प्रसंगी एकमेकांशी कसे भांडतात, हे महाभारतातील उदाहरणांनीच दाखविले. म्हणजे शास्त्रप्रामाण्य मानणाऱ्या टिळकांनाही नुसत्या वचनावर थांबता आले नाही. या वादाला पुढे अनेक फाटे फुटले. पण त्याची कसोटी एखाद्या आख्यानावर, आणि ते आख्यान ज्या भूमीने आपलेसे केले त्या भूमीवर, क्वचितच लावली गेली आहे.

येथे त्यासाठी कीचकवधाचे आख्यान निवडले आहे. वऱ्हाडच्या उत्तरेला, मेळघाटच्या डोंगरांत सुमारे ११०० मीटर उंचीवर वसलेल्या चिखलदऱ्याचे नाव लोकपरंपरा ‘कीचकदरा’ या शब्दावरून लावते. द्रौपदीची विटंबना करणाऱ्या कीचकाला भीमाने मारले, त्याचे प्रेत येथील खोल दरीत फेकले आणि जवळच्या भीमकुंडात स्नान केले, अशी ही कथा. व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होईल की नाही हा वेगळा मुद्दा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की एका गावाने आपले नावच एका नैतिक प्रसंगाशी जोडून घेतले आहे.

२

विराटपर्वातील प्रसंग परिचित आहे, तरी त्याची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. अज्ञातवासातील द्रौपदी सैरंध्री म्हणून राणी सुदेष्णेच्या सेवेत आहे. सुदेष्णेचा भाऊ आणि विराटाचा सेनापती कीचक तिची अभिलाषा धरतो. सुदेष्णा तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने त्याच्या घरी धाडते. तेथून सुटून ती राजसभेकडे धावते आणि कीचक भर सभेत, राजासमोर, तिला लाथ मारतो. सभेत युधिष्ठिर कंकाच्या वेषात आहे, भीमही आहे. भीम संतापाने उठू पाहतो, युधिष्ठिर त्याला खुणेने आवरतो. द्रौपदी विराटाकडे दाद मागते. विराटाचे उत्तर असे, की तुमचा तंटा माझ्या दृष्टीआड झाला, त्याचे खरेखोटे मला ठाऊक नाही. आणि युधिष्ठिर? तो तिला अंतःपुरात परत जाण्यास सांगतो. सभेत रडून ती द्यूतात व्यत्यय आणते आहे, असेही बजावतो.

धर्म हाच नीतीचा उगम, असे मानणाऱ्याने या सभेकडे नीट पाहावे. येथे धर्माची वाण नाही. साक्षात धर्मपुत्र उपस्थित आहे. त्याचे मौन अधर्माचे नसून प्रतिज्ञापालनाचे आहे. अज्ञातवास मोडला तर पुन्हा बारा वर्षे वनवास, हा करार आहे आणि करार पाळणे हाही धर्मच. राजाही आपल्या परीने नियमच सांगतो : जे पाहिले नाही त्याचा निवाडा करता येत नाही. सभेत धर्म भरपूर आहे. न्याय मात्र नाही. उलट, द्रौपदी ज्या शब्दांत राजाला दोष देते ते शब्दही धर्माचेच आहेत. हे राजाचे वर्तन नव्हे, दस्यूंचे आहे, असा तिचा आरोप आहे. धर्माची भाषा दोन्ही बाजूंनी बोलली जात असेल, तर त्या दोहोंपैकी कोण बरोबर हे ठरविणारी कसोटी त्या भाषेच्या आत बंदिस्त असू शकत नाही. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादातील प्रश्न हाच आहे : देवांना प्रिय म्हणून एखादी गोष्ट पवित्र, की पवित्र म्हणून ती देवांना प्रिय? पहिला पर्याय स्वीकारला तर देवाची कोणतीही लहर नीती ठरते. दुसरा स्वीकारला तर नीती देवाच्या आधीची ठरते.

मेळघाटातच या मुद्द्याला आणखी एक पुष्टी मिळते. येथील कोरकू समाजाची उत्पत्तिकथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात नोंदविली आहे. सातपुडा ओसाड पाहून रावणाने महादेवाला विनविले, की हा प्रदेश माणसांनी वसव. महादेवाने मातीची स्त्रीपुरुषांची चित्रे घडविली. इंद्राच्या घोड्यांनी ती तुडविली. मग राखणीसाठी मातीचाच कुत्रा घडविला गेला आणि माणूस वाचला. म्हणजे ज्या रावणाला रामकथा परस्त्रीहरणाचे प्रतीक मानते, तो येथे उपकारकर्ता आहे. नीती जर खरोखर धर्मकथेतूनच येत असती, तर रावणाला कृतज्ञतेने स्मरणाऱ्या समाजात परस्त्रीहरण पुण्य ठरावयास हवे होते. तसे झालेले नाही. कथा उलटली, पण नीती उलटली नाही. यावरून धर्मकथा नीतीला वाहून नेत असेल, तिला आकार देत असेल. ती तिचा झरा आहे असे मात्र म्हणता येत नाही.

३

मग हा झरा निसर्गात शोधावा काय? डार्विनने ‘मानवाचा अवरोह’ या ग्रंथात (१८७१) सामाजिक सहजप्रेरणा आणि वाढलेली बुद्धी यांच्या संयोगातून नैतिक जाणीव उत्पन्न झाली असावी, असे प्रतिपादन केले. क्रोपोटकिनने १९०२ मध्ये परस्परसाहाय्याला उत्क्रांतीचा एक घटक म्हणून पुढे आणले. हॅमिल्टनने १९६४ मध्ये आप्तांसाठी केलेला त्याग वंशसातत्याच्या गणितात कसा बसतो हे दाखविले, आणि ट्रिव्हर्सने १९७१ मध्ये परक्यांमधील परतफेडीच्या सहकार्याचे स्पष्टीकरण दिले. ब्रॉस्नन आणि डी वाल यांच्या २००३ मधील प्रयोगात शेजाऱ्याला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळते हे पाहून कॅपुचिन माकडांनी काकडी नाकारली. या प्रयोगाच्या अर्थाविषयी पुढे वाद झाला. तरी अन्यायाची चीड माणसापुरती मर्यादित नसावी, या शंकेला त्याने बळ दिले.

विराटसभेतील भीमाचा संताप या चौकटीत उत्तम बसतो. तो शास्त्र आठवून उठत नाही. त्याचे शरीर आधी उठते. रात्री द्रौपदी दाद मागण्यासाठी धर्मराजाकडे न जाता भीमाच्या पाकशाळेत जाते, हे आख्यानातले फार अर्थपूर्ण स्थळ आहे. जेथे विवेक थिजला आहे तेथे तिला सहजप्रेरणेचा आधार घ्यावा लागतो. नृत्यशाळेतला कीचकवध हा या प्रेरणेचा विजय होय. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) यांनी महाभारतातील व्यक्तींना देवत्वाच्या मखरातून काढून माणूस म्हणून वाचण्याची जी दृष्टी मराठी वाचकाला दिली, तिच्यामुळे भीमाच्या क्रोधाकडे असे पाहणे आपल्याला अवघड जात नाही.

परंतु आख्यान येथे संपत नाही, आणि उत्क्रांतिवादी उत्तराची खरी कसोटी पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी कीचकाचे भाऊबंद, १०५ उपकीचक, जमतात. आपल्या भावाच्या मृत्यूला कारण झाली म्हणून ते सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळण्यासाठी बांधून स्मशानाकडे नेतात, आणि त्यांच्या बळाला भिऊन विराट त्यास संमतीही देतो. उपकीचकांना चालना देणारी प्रेरणा कोणती? तीच : आपल्या माणसावर झालेल्या आघाताची चीड, आप्ताशी निष्ठा, सूडाची निकड. जी भावना भीमाला उठविते तीच उपकीचकांनाही उठविते. हॅमिल्टनचे गणित दोघांनाही सारखेच लागू पडते. किंबहुना रक्ताच्या नात्याचा हिशेब केला तर ते उपकीचकांच्या बाजूने अधिक झुकते. निसर्ग दोघांचेही स्पष्टीकरण देतो, आणि म्हणूनच दोघांपैकी कोणाचेही समर्थन करू शकत नाही.

याहून स्पष्ट उदाहरण हवे असेल तर ते चिखलदऱ्याच्या झाडांवरून उड्या मारणाऱ्या वानरांच्या जातकुळीतच आहे. सुगियामा यांनी धारवाड परिसरात आणि सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर केलेल्या निरीक्षणांतून असे पुढे आले, की टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिले मारून टाकतो. हर्डी यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात याचा अन्वय पुनरुत्पादनाच्या स्पर्धेशी लावला. त्याच कळपात माद्या एकमेकींची पिले कडेवर घेऊन सांभाळतात. वात्सल्य आणि बालहत्या या दोन्ही गोष्टी एकाच निवडप्रक्रियेची फळे आहेत. पहिलीला आपण नीतीचे बीज म्हणतो आणि दुसरीला म्हणत नाही. पण ही निवड निसर्गाने केलेली नाही, ती आपण केली आहे. टी. एच. हक्सले हा डार्विनचा कट्टर पुरस्कर्ता. त्यानेही १८९३ च्या व्याख्यानात समाजाची नैतिक प्रगती विश्वप्रक्रियेचे अनुकरण करून होत नसून तिच्याशी झगडून होते, असेच मांडले. आहे यातून असावे हे निष्पन्न होत नाही, हा ह्यूमचा इशारा येथे पुन्हा खरा ठरतो.

४

तात्पर्य, विराटसभेत धर्माचे प्रतिनिधी आहेत आणि निसर्गाचेही आहेत. पण युधिष्ठिर, भीम, विराट किंवा उपकीचक यांच्यापैकी कोणीही स्वतःपुरता नीतीचा उगम नाही. सभेतील नैतिक घटना वेगळीच आहे. ती म्हणजे द्रौपदीची फिर्याद.

या फिर्यादीचे आदर्शीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. तिच्यात दोन धागे आहेत. एक धागा प्रतिष्ठेचा : पराक्रमी पतींच्या मानिनी पत्नीला एका सूतपुत्राने लाथ मारली, ही तिची खंत आहे, आणि ‘सूतपुत्र’ हा शब्द तेथे जातीचा आसूड म्हणूनच वापरला गेला आहे. हा धागा कुळाच्या व वर्णाच्या अभिमानातून येतो. तो भीमाच्या क्रोधाशी सजातीय आहे. दुसरा धागा मात्र निराळा आहे. तो राजाला आणि सभासदांना उद्देशून आहे : निरपराध व्यक्तीला तुमच्या डोळ्यांदेखत मारले जाते आणि तुम्ही बसून राहता, हे कसे? सभेला ती सैरंध्री म्हणूनच ठाऊक आहे. राणी म्हणून ती ओळख देऊ शकत नाही. त्यामुळे या दुसऱ्या धाग्याची सारी भिस्त एका दासीला उत्तर मिळण्याच्या हक्कावर आहे. येथे नाते मागे पडते, उपकाराची परतफेड मागे पडते, आज्ञेचा आधारही मागे पडतो. उरते ती एकच मागणी : कारण सांगा.

माझे प्रतिपादन असे, की नीतीचे प्रामाण्य या मागणीत आहे. चीड उत्क्रांतीने दिली असेल. ती व्यक्त करण्यासाठी शब्द धर्माने दिले असतील. पण ज्या क्षणी चीड ही जाब होते, म्हणजे ती केवळ समोरच्याला इजा करण्याची इच्छा न राहता समोरच्याने समर्थन द्यावे अशी अपेक्षा होते, त्या क्षणी ती नैतिक होते. उपकीचकांजवळ चीड आहे, जाब नाही. ते सैरंध्रीला काही विचारत नाहीत, थेट बांधतात. भीमही नृत्यशाळेच्या अंधारात काही विचारत नाही. म्हणून त्याच्या कृत्याकडे पाहताना वाचकाला समाधान वाटते आणि अस्वस्थताही वाटते. जे काम सभेने उजेडात करावयाचे ते अंधारात करावे लागले, ही ती अस्वस्थता होय.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. कारण मागणे हीसुद्धा कळपातील जीवांची एक उपयुक्त सवयच नव्हे काय? तीही उत्क्रांतीनेच दिली नसेल कशावरून? दिली असेल. गणिताची क्षमताही उत्क्रांतीनेच दिली आहे. पण एखादा सिद्धान्त बरोबर आहे की नाही हे मेंदूचा इतिहास तपासून ठरत नाही, सिद्धता तपासून ठरते. त्याचप्रमाणे जाब विचारण्याची क्षमता कोठून आली हा जीवशास्त्राचा प्रश्न आहे. दिलेले उत्तर पुरेसे आहे की नाही हा नीतीचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने दुसरा सुटत नाही.

धर्माच्या बाजूनेही असाच आक्षेप येईल, की आप्तांच्या पलीकडच्या जीवाला उत्तर मागण्याचा हक्क देण्याचे औदार्य धर्मानेच शिकविले. यात तथ्य आहे, आणि त्याचे सुंदर उदाहरण वऱ्हाडशी निकटचे नाते असलेल्या महानुभाव परंपरेत सापडते. ज्यांचे गुरू गोविंदप्रभू याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे, त्या चक्रधरस्वामींची ‘लीळाचरित्रा’तील सशाची लीळा सर्वश्रुत आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी तो मागतात. स्वामी आश्रयाला आलेल्याला देण्याचे नाकारतात. आप्तनिष्ठेच्या वा परतफेडीच्या कोणत्याही हिशेबात हा ससा बसत नाही. धर्माने येथे नीतीचे वर्तुळ खरोखर मोठे केले आहे. परंतु हेही पाहिले पाहिजे, की स्वामी पारध्यांना शाप देत नाहीत. आश्रयाला आलेल्या जीवाविषयीची आपली जबाबदारी त्यांच्यापुढे मांडतात. आणि दुसरीकडे त्याच धर्मव्यवस्थेने ‘सूतपुत्र’ ही शिवीही दिलेली आहे. धर्म वर्तुळ वाढवितो तसे आवळतोही. केव्हा वाढविले आणि केव्हा आवळले, हे ओळखण्याचे माप पुन्हा तेच : बाहेर ठेवलेल्याने विचारले, तर देण्यासारखे उत्तर आहे काय?

५

आख्यानाचे पुढचे आयुष्यही हेच सांगते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत भारतभूमी, युधिष्ठिराच्या संयमात मवाळ आणि भीमाच्या क्रोधात जहाल. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बंदी घालणाऱ्यांना भीती वाटली ती भीमाच्या क्रोधाची. पण रूपकाची एक किंमतही द्यावी लागली, याची चर्चा आपल्या समीक्षेत पुरेशी झालेली नाही. द्रौपदी भारतमाता झाली, तेव्हा तिची फिर्याद राष्ट्राची झाली आणि एका दासीची उरली नाही. जिला उत्तर द्यावयाचे होते ती व्यक्ती प्रतीकात विरून गेली. उरला तो भीम आणि कीचक यांचा सामना. नीतीचा प्रश्न शौर्याचा प्रश्न झाला की असे होते.

कीचकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दरीच्या अवतीभवती ती फिर्याद नाहीशी झालेली नाही. १९९३ मध्ये मेळघाटातील कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंचा प्रश्न राज्यभर गाजला. तो मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे याचिकांच्या रूपाने जात राहिला. नीतीच्या उगमाविषयीच्या दोन्ही उपपत्ती या ठिकाणी लावून पाहाव्यात. दूरच्या, परक्या भाषेच्या बालकाचा मृत्यू आपल्याला स्वतःच्या घरातल्याइतका का हेलावत नाही, याचे स्पष्टीकरण उत्क्रांतिवाद चोख देतो. आणि स्पष्टीकरण दिल्यावर त्याचे काम संपते. धर्म दया शिकवितो, दान करावयास लावतो. पण दान देणाऱ्याच्या पुण्याची ती गोष्ट होते, घेणाऱ्याच्या हक्काची होत नाही. याचिका या दोहोंपेक्षा वेगळे काही करते. ती दयेची मागणी करीत नाही आणि नात्याचा दाखला देत नाही. मूल का दगावले, हे सांगा, एवढेच ती म्हणते. आणि अशा वेळी कागदोपत्री जी उत्तरे संभवतात, म्हणजे मृत्यू दुसऱ्याच आजाराने झाला, नोंद आमच्याकडे नाही, बाब आमच्या कक्षेतील नाही, ती विराटाच्या उत्तराची भावंडे आहेत : जे घडले ते आमच्या दृष्टीआड घडले.

विराट दुष्ट नव्हता, हे येथे विसरता कामा नये. तो भित्रा होता आणि त्याच्याजवळ नियम होता. नीतीचा उगम धर्मात की निसर्गात, हा वादही कित्येकदा तशाच नियमासारखा वापरला जातो. एक म्हणतो, श्रद्धा ढळली म्हणून नीती ढळली. दुसरा म्हणतो, मनुष्यस्वभावच असा आहे. दोघेही ज्याने विचारले त्याच्याकडे पाठ करून उगमाकडे पाहत राहतात. उगमाचा शोध विद्वत्तेला आवश्यक आहे आणि तो चालू राहिला पाहिजे. परंतु तो उत्तराऐवजी पुढे करता येणार नाही.

महाभारतातील कीचकवध मत्स्यदेशात घडतो. तेथे ना दरी आहे, ना कुंड. या दोन्ही गोष्टी लोकपरंपरेने जोडल्या आणि त्यांपैकी कुंड अधिक बोलके आहे. कीचक मारला जाणे न्याय्यच होते, अशी कथेची खात्री आहे. तरीही तिने भीमाला स्नान घातले. ते शीण उतरविण्यासाठी की हत्येचा विटाळ फेडण्यासाठी, हे ती सांगत नाही. एवढे मात्र तिला कळले होते, की सभेने उत्तर नाकारल्यावर अंधारात जे करावे लागते ते योग्य असले तरी निर्मळ नसते. ही जाणीव कोणत्या ग्रंथातून आली की रक्तातून, हे ठरविता येणार नाही. तिच्या खरेपणाला त्यामुळे बाध येत नाही.